तांबडे खडे

"मास्तर, ती पोरगी रांजणापासनं उठली पायजे. उद्याच्या उद्या."

आबा शेडगे माझ्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभे होते. खोली त्यांचीच, मी भाडेकरू. पण भाडेकरूच्या खोलीत मालकानं पाऊल टाकू नये असा त्यांचा एक रिवाज होता. मी स्टोव्हला पिन मारत होतो. पिन हातातच राहिली.

"कुठली पोरगी, आबा?" मी म्हणालो. कुठली ते मला चांगलं ठाऊक होतं.

"येड पांघरू नगा. आवळ्याची वैजी. माझा नातू तिच्या हातचं पाणी पितोय, म्हयना झाला. आन हे मला कळतंय कधी? काल. जेवताना पोरगं पाण्याला हात लावंना. म्हातारी म्हणाली, तांब्या फुडं हाय, घे की. तर म्हणतंय, आपलं पाणी आपण घ्यायचं नसतंय, कुणीतरी द्यायचं असतंय. शाळेत वैजी देती."

पुढं जाण्याआधी एक सांगून ठेवतो. ही गोष्ट मी चारचौघांत निदान शंभरदा सांगितली आहे, आणि माझ्या गोष्टी दर वर्षी वितीवितीनं वाढतात. एका खेपेला हिच्यात वाघ आला होता. एका खेपेला कलेक्टर. आबा शेडगे एकदा घोड्यावरून शाळेत आले. त्यांच्या गोठ्यात जन्मात घोडा नव्हता. आज वाघ नाही, कलेक्टर नाही, घोडाही नाही. जरा अळणी लागली तर सोसा.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. हिंगणमाळ नावाचं गाव, एक शिक्षक आणि चार इयत्ता. शिक्षक म्हणजे मी, वय सव्वीस. शाळा भरायची आबांच्या वखारीत. त्यांनी शेंगांची पोती हलवून ती शाळेला दिली होती. भिंतींना अजून शेंगांचा वास यायचा, आणि परीक्षेच्या दिवसांत पोरांना फार भूक लागायची.

नागरिकशास्त्र पुस्तकातून शिकवायचं माझ्या जिवावर यायचं, म्हणून मी पोरांचं मंत्रिमंडळ काढलं होतं. मुख्यमंत्री आबांचा नातू रणधीर. सगळ्यांची नखं तपासायला एक आरोग्यमंत्री. आणि पाणीमंत्री चौथीतली वैजयंता आवळे. ही वैजी ओढ्यापलीकडच्या वस्तीतली. त्या वस्तीतल्या माणसाच्या हातचं पाणी गाव पीत नसे. माझ्याआधी शाळेतही तिथल्या पोरांना वरून ओंजळीत धार धरायचे. मी येऊन एक नियम केला : आपला पेला आपण भरायचा नाही, रांगेत पुढच्यानं मागच्याला भरून द्यायचा. सुरुवात पाणीमंत्र्यानं करायची.

पोरांना खेळ वाटला. वैजीला नाही वाटला. ती रोज सकाळी रांजण आतून काथ्यानं घासायची, पाणी दुहेरी फडक्यातून गाळायची आणि पाणी काढायचं लांब दांड्याचं ओगराळं जमिनीला टेकवणाऱ्याला रांगेच्या शेवटी पाठवायची. एकदा मलाही पाठवलं.

"आबा," मी म्हणालो, "पोरगी काम चांगलं करते."

"करत आसंल. मला कायदा कळतोय, मास्तर. मी तिला काढली तर फौजदार माझ्या दारात यील. म्हणून मी काढणार न्हाय. पोरास्नीच काढू द्या. तुमच्या त्या मंत्रिमंडळात मंत्री काढायचा काय नियम आसंलच की."

"आहे. बहुमतानं."

"मग घ्या उद्या मत. मी येतो बघाय."

"आणि पोरांनी तिला ठेवलं तर?"

आबांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. रागानं नाही, बैल विकत घेताना बघतात तसं.

"ते तुम्ही बघायचं. न्हायतर परवापासनं वखारीत शेंगा. पोतं बरं असतंय, मास्तर. पोतं शिकत न्हाय, आन घरी येऊन शिकवत बी न्हाय."

दुसरी शाळा चार कोसांवर होती. वखार गेली असती तर अडतीसच्या अडतीस पोरं शेळ्यांमागं गेली असती. एकीकडं एका पोरीचं ओगराळं, दुसरीकडं अडतीस पोरांची शाळा. गणित मला फार सोपं वाटलं. सोपी गणितं सोडवताना मी नेहमी चुकतो, हे तेव्हा माहीत नव्हतं.

त्या दिवशी शाळेत मी जाहीर केलं : उद्या पाणीमंत्र्याबद्दल मत घेणार. राहावं की जावं.

वैजी उभी राहिली. "माझं काय चुकलं, गुरुजी?"

"चुकलं नाही गं. लोकशाहीत अधूनमधून विचारावं लागतं."

"मग सगळ्यांचंच इचारा. रणधीरचं बी."

"आधी पाण्याचं."

"मग उद्या सकाळी रांजण भरू का नको?"

"भर."

"बरं," म्हणाली आणि खाली बसली. त्या 'बरं'नं माझी झोप गेली असं मी पुढं लोकांना सांगत आलो. खरं म्हणजे मला छान झोप लागली होती.

मत द्यायची रीत पोरांनीच ठरवली. दारातल्या चिंचेखालचे चिंचोके गोळा केले. मुलाण्याचा शकूर, तिसरीतला, ओढ्यात उतरून अडतीस खडे घेऊन आला, आणि सांगितलं नसताना धुऊन आला. प्रत्येकाला एक चिंचोका, एक खडा. चिंचोका म्हणजे वैजी राहू दे, खडा म्हणजे जाऊ दे. कोपऱ्यात पोत्याचा पडदा, पडद्यामागं मडकं. एक मडक्यात टाकायचं, उरलेलं मागच्या खिडकीतून बाहेर भिरकवायचं. कुणी काय टाकलं ते कुणी कुणाला सांगायचं नाही. आणि मतात लबाडी करील त्यानं आठ दिवस शाळेचं पाणी भरायचं, पाणीमंत्र्याच्या हुकमाखाली. हा शेवटचा नियम रणधीरचा. मी तो फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिला.

सकाळी निघताना मी आबांच्या दारातून पंधरा खडे उचलून सदऱ्याच्या खिशात टाकले. मी सोलापूरचा, हातमागावरच्या घरातला. डोळे बांधून सुताला हात लावला तर नंबर सांगेन. दगडाचं आम्हाला काय? खडा तो खडा, असं मला वाटलं.

वैजी रांजणाशी होती. फडकं पिळता पिळता तिनं वर पाहिलं.

"गुरुजी, खिशात काय हाय?"

"तपकिरीची डबी."

"एवढी मोठी?"

"सोलापुरी डबी आहे."

तिनं खिशाकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि पुन्हा फडकं पिळायला लागली. मी तपकीर ओढत नव्हतो. त्याच संध्याकाळी दुकानातून डबी घेतली, खोट्याला टेकू म्हणून. ती सवय अजून सुटलेली नाही.

आबा आले आणि माझ्या खुर्चीवर बसले. मी उभा. पोरं नेहमी गलका करायची, त्या दिवशी वखारीत पारव्यांचं घुमणं ऐकू येत होतं. एकेक जण पडद्याआड जायचा, मडक्यात टक् आवाज व्हायचा, मग खिडकीबाहेर काहीतरी पडायचं. अडतीस वेळा टक्. प्रत्येक टक् आवाजाला आबांचा अंगठा काठीच्या मुठीवर घासला जायचा. वैजीनंही मत दिलं, आणि जाऊन रांजणापाशी उभी राहिली, ओगराळं हातात धरून. कुणी काढून घेईपर्यंत ते तिच्याकडंच होतं.

"मडकं मी आणतो," मी म्हणालो.

पडद्याआड मला किती वेळ लागला असेल? एक पाढा म्हणावा एवढा. हात घातला, बोटांना हलके, चपटे लागतील ते चिंचोके चाचपून काढले, पंधरा. पंधरा खडे आत. चिंचोके खिशात. घाम इतका आला की मडकं निसटता निसटता राहिलं. बाहेर येऊन मी ते टेबलावर ठेवलं. आबांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, आणि त्यावरूनच मला कळलं की त्यांना कळलं.

मोजणी मुख्यमंत्र्यानं करायची. रणधीर एकेक काढून उंच धरायचा, मोठ्यानं पुकारायचा आणि शकूरकडं द्यायचा. शकूर टेबलावर दोन रांगा लावत होता.

"चिंचोका!"

"चिंचोका!"

"खडा!"

"चिंचोका!"

"खडा!"

हा दुसरा खडा शकूरनं रांगेत ठेवला नाही. तळहातावर घेऊन फिरवत बसला.

"ठेव की रे," रणधीर म्हणाला.

"गुरुजी, ह्यो ओढ्यातला न्हाय."

"अरे शकूर, खडा तो खडा. ठेव."

"न्हाय गुरुजी. म्या आणलेलं सगळं गोल हायत. पाण्यात घासल्यालं. ह्याला कोर हाय." त्यानं तळहात माझ्यासमोर धरला. "आन धुतलेला बी न्हाय. बगा, हात तांबडा झाला."

पोरं उठून टेबलाभोवती आली. कुणीतरी मडकं उपडंच केलं. काळसर चिंचोके, ओढ्यातले पांढरे-करडे गोटे, आणि त्यांच्यात ते माझे. सव्वीस वर्षांत मी कधी एवढा लाल रंग पाहिला नव्हता. शकूरनं ते वेगळे केले.

"पंधरा! एकट्यानं पंधरा मतं टाकली!"

"तांबडा मुरूम कुठं हाय गावात?"

"रणधीरच्या दारात. फकस्त त्याच्याच दारात. परवा गाडी आलती."

सदतीस तोंडं रणधीरकडं वळली. त्याच दारातून रोज सकाळी मीही बाहेर पडायचो. पण ते कुणाच्याच मनात आलं नाही. गुरुजी मोजण्यात धरायचे नसतात.

"म्या न्हाय टाकलं," रणधीर म्हणाला.

"मग उडून आलं व्हय?"

"मुख्यमंत्रीच लबाड निघाला की रं!"

"तुला वैजी नगो हुती तर सरळ एक खडा टाकायचा. पंधरा कशापायी?"

"म्या न्हाय! आईची आण, म्या न्हाय!" त्याचा आवाज फुटला. दहा वर्षांचा पोरगा, आतापर्यंत उंच धरलेला त्याचा हात तसाच अर्धवट राहिला होता. त्यानं आजोबाकडं पाहिलं. "आबा, म्या न्हाय टाकलं. तुम्ही तरी सांगा की."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी आबांकडं. एका वाक्याचं काम होतं. माझ्या पाठीमागं फळा, फळ्यावर माझंच सुवाच्य अक्षर. मी घसा खाकरला. पोरं माझ्याकडं बघायला लागली.

"शांत व्हा," मी म्हणालो. "शांत व्हा सगळे."

एवढंच आलं तोंडातून.

"रणधीरनं न्हाय टाकलं."

रांजणापासून वैजी बोलली. हात ओगराळ्यावरच.

"तुला काय ठावं?" शकूरनं विचारलं.

"मी रांगेत त्याच्या मागंच हुते. पोतं फाटकं हाय. त्याचा हात दिसला मला. एकच टाकलं त्यानं, आन ते तांबडं नव्हतं."

"मग काय टाकलं? खडा का चिंचोका?"

"ते मी सांगणार न्हाय. दुसऱ्याचं मत सांगायचं नसतंय, असं ठरलंय आपलं."

एक शब्द सांगितला असता तर रणधीर तिथंच सुटला असता, आणि मुख्यमंत्री आपल्या बाजूचा हेही तिला सगळ्यांना दाखवता आलं असतं. तिनं ओठ मिटून घेतले होते. रणधीरनं बाहीला नाक पुसलं. एकदा आजोबाकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं.

"सांग की," तो म्हणाला. "नगो, मीच सांगतो. माझं मत हाय, मला सांगाय येतंय. म्या चिंचोका टाकला. हिच्यासारखा रांजण कोण घासतंय?"

हे तो आबांच्या तोंडावर बोलला. आबांच्या काठीखालची जमीन करकरली.

"मग खडं टाकलं कुणी?" शकूर म्हणाला. त्याचा हात अजून पुढं होता, तांबडा.

वैजी फक्त माझ्या खिशाकडं बघत होती. रोखून नाही, आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कुणीतरी द्यायचं राहिलंय, असं. मी त्या वेळी बोललो असतो. अजून एक क्षण मिळाला असता तर नक्की बोललो असतो. हे वाक्य मी पन्नास वर्षं स्वतःला ऐकवतोय.

आबा उठले.

"खडं मास्तरानं टाकलं," ते म्हणाले. "मी सांगितलं म्हणून टाकलं. माझ्या नातवाला लबाड म्हणायचं काम न्हाय."

मी खिशात हात घातला आणि एकेक चिंचोका टेबलावर ठेवायला लागलो. मला वाटलं पोरं ओरडतील. ती मोजायला लागली. हळू, एका सुरात, पाढे म्हणतात तशी. एक. दोन. तीन. पंधरापर्यंत. शकूरनं ते रांगेत लावले आणि निकाल सांगितला : एकोणतीस चिंचोके, नऊ खडे. वैजी पाणीमंत्री.

मग तो माझ्याकडं वळला. तिसरीतला, माझ्या कमरेएवढा.

"गुरुजी, नियम."

"हो," मी म्हणालो. "आठ दिवस."

"आधी पाणी पिऊ," वैजी म्हणाली. "लई उशीर झालाय."

रांग लागली. वैजीनं पहिला पेला भरला, मागच्याला दिला. त्यानं पिऊन दुसरा भरला, त्याच्या मागच्याला. रांगेत शेवटी रणधीर होता. तो प्याला आणि सवयीनं पुढचा भरून मागं वळला. मागं कुणी नव्हतं. मागं दार होतं आणि दारातून बाहेर पडणारे आबा.

"आबा," तो म्हणाला आणि पेला पुढं केला.

आबा थांबले. पाणी पेल्याच्या काठाशी थरथरत होतं. आबांनी पाण्याकडं पाहिलं, नातवाकडं पाहिलं.

"मला तहान न्हाय," ते म्हणाले आणि गेले.

माझ्या गोष्टीत ते तो पेला घटाघटा पितात, मिशा पुसतात आणि म्हणतात, "पोरी, आणि एक दे." लोकांना ते फार आवडतं. खरे आबा प्याले नाहीत, ना त्या दिवशी ना पुढं कधी. पण तिसऱ्या दिवशी वखारीला कुलूपही लागलं नाही. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. माझ्या उंबऱ्याशी मात्र ते पुन्हा उभे राहिले नाहीत.

मी आठ दिवस पाणी भरलं. आडावरून दोन-दोन घागरी. वैजी रांजणात डोकं घालून बघायची आणि म्हणायची, "बुडाशी शेवाळ हाय, गुरुजी. परत." मी परत घासायचो.

गेल्या वर्षी त्या शाळेचा अमृतमहोत्सव झाला. आता पक्क्या खोल्या आहेत, नळ आहे. मला सत्काराला बोलावलं, शाल दिली, आणि माइक दिला. म्हाताऱ्याच्या हातात माइक देऊ नये. मी गोष्ट सांगितली, नेहमीची. तिच्यात मी आबांच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणतो, "वखारीला कुलूप लावा, पण ही पोरगी रांजणापासून उठणार नाही." टाळ्या पडल्या. काही बायांनी डोळ्याला पदर लावला.

खाली आलो तर समोर वैजयंता. केस पांढरे, चष्मा, सरकारी दवाखान्यात नर्स होती, निवृत्त झालेली. हातात पाण्याचा पेला. मी घेतला आणि प्यालो.

"छान सांगितलंत, गुरुजी."

"थोडं वाढवलं गं."

"वाघ काढून टाकलात वाटतं?" ती हसली. मग हसू तसंच ठेवून म्हणाली, "गुरुजी, खिशात काय हाय?"

"तपकिरीची डबी."

"एवढी मोठी?"

मी खिसा उलटा करून दाखवला. डबीच होती, खरीखुरी. तिनं ती हातात घेतली, उघडली, हुंगली आणि जोरात शिंकली.

"तुला तेव्हाच कळलं होतं," मी म्हणालो. "मग बोलली का नाहीस?"

तिनं डबीचं झाकण लावून ती मला परत दिली.

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

पाच पायऱ्या होत्या व्यासपीठाला. या वयात पाच पायऱ्या म्हणजे गड. माइक चालूच होता. "मंडळी," मी म्हणालो, "जरा बसा. गोष्टीत एक चूक राहिली. खडे मी टाकले होते. आबांनी ते कबूल केलं, मी नाही."

मंडप हसला. खो-खो हसला. लोकांना वाटलं, मास्तरांनी नवी थाप काढली. शेजारच्या खुर्चीवर रणधीर होता, साठीचा, फेटा बांधलेला. तो हसला नाही, मान खाली घालून बसला होता. आणि खाली, पायऱ्यांशी उभी असलेली ती हसली नाही.

मी माइक खाली ठेवायला गेलो.

"मोठ्यानं, गुरुजी," वैजयंता म्हणाली. "मागच्यांना मिळालं नाही."